तांबडा हौद

५ मार्च, बुधवार

धाकटे,

जिवंत असशील तर वाच. नसशील तर मी शाई फुकट घालवतेय, आणि फुकट घालवलेलं मला चालत नाही हे तुला माहीत आहे.

पोस्टमन म्हणाला, "आजी, पाकीट चिकटवू नका. लष्कराची माणसं नाहीतरी फोडतात, तुमचा डिंक तरी वाचेल." म्हणून उघडंच देतेय. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. अक्षर असंच आहे. मी शाळा सोडली की शाळेने मला, ते आता आठवत नाही.

कामाचं बोलते. रविवारी दुपारी नदीला जे आलं ते रक्त नव्हतं. इथे अर्धा गाव म्हणतो रक्त. तिकडे पूर्ण गाव म्हणत असेल. रक्त कसलं डोंबलाचं! आपल्या हौदातला तांबडा रंग तो. लष्कराच्या एका साहेबांना वरून झाकायच्या जाळ्या मातीच्या रंगात हव्या होत्या, ट्रक भरून जाळ्या, आणि सगळी घाई. एवढा मोठा हौद आपल्या कारखान्यात एकच. रिकामा करा म्हणाले. केला. एवढीच गोष्ट. त्यात आणखी काही शोधू नये, तूही नाही आणि वाचणाऱ्या साहेबांनीही नाही.

रेडिओवर सांगतात, लढाई तुमच्या देशाशी नाही, तुमच्या रस्त्याशी आहे. त्या रस्त्याने पलीकडच्या शत्रूला माल जातो म्हणे. चार दिवसांचं काम, रस्ता बंद केला की परत. रस्त्यावर घरं असतात, घरात माणसं असतात, हे रेडिओवाला सांगायला विसरला असेल.

मी रविवारी गच्चीवर होते, कपडे उलटायला. तुमचं गाव नदीपलीकडे, वळणामागे, ते दिसत नाही. टेकडी दिसते. आधी वाटलं, माझे डोळे गेले. टेकडी हलत होती. अख्खी टेकडी, पायथ्यापासून वर. मग कळलं ती माणसं आहेत. डोक्यावर गाद्या, खाटा, एकाच्या पाठीवर अख्खं कपाट. गुरं मधेच. इतक्या लांबून आवाज नाही काही, नुसती टेकडी चाललीय. मी हातातली ओली चादर तशीच धरून उभी. ढवळ्या खालून ओरडला, "ताई, पाणी गळतंय तुमच्या अंगावर." गळू दे म्हटलं. ढवळ्या म्हणजे आपला तोच, हौद ढवळणारा. आता म्हातारा झाला, वल्हं उचलताना देवाची सगळी नावं घेतो.

एवढी माणसं एका वेळी एका दिशेला जाताना मी कधी पाहिली नव्हती. मला तमाशे आवडत नाहीत, पण अंधार पडेपर्यंत मी गच्ची सोडली नाही.

सोमवारी उजाडताच तोफा वाजल्या. कुणाच्या, कुठून, ते लिहीत नाही. वाचणाऱ्या साहेबांना माहीत आहे.

तू त्या टेकडीवर होतीस का, एवढंच कळव. हो किंवा नाही. तेवढ्याने आपलं बोलणं सुरू झालं असं मी धरणार नाही. भांडण आहे तिथे राहू दे.

ताई


९ मार्च, रविवार

धाकटे,

हे टपालात टाकत नाही. उशीखाली ठेवते. कुणी भरवशाचं तिकडे जाणारं मिळालं तर देईन.

कालपासून तुमची माणसं इकडे येतायत. टेकडीच्या मागेही लढाई सुरू झाली. आमचे आत घुसले म्हणून ते पलीकडचे समोरून घुसले, आणि मधे टेकडीवर सगळं गाव. मग उतरले आणि नदी ओलांडून आले. पूल नाही उरला. पाणी कमी, म्हणून चालत आले. आमच्या तोफांच्या पायथ्याशी आले, कारण गोळा जिथे पडतो त्यापेक्षा जिथून सुटतो तिथे बरं. साधा हिशोब आहे, पण तो करायला किती हिंमत लागत असेल.

मी फाटकाशी उभी होते. हुंदके, आरडाओरड काही नाही. चपलांचा चिखलातला आवाज फक्त. आणि धाकटे, प्रत्येकाच्या अंगावर गुडघ्यापर्यंत तांबडं.

साड्यांना, लेहेंग्यांना, पँटींना, सगळ्यांना. नदी अडवलेली, वाहतं पाणी नाही, आणि आपला रंग डबक्याडबक्यांतून साचून राहिलेला. त्यातून चालत आले ते. कसाई, दाताचा डॉक्टर, एक लठ्ठ मास्तर, कडेवरची पोरं, काठीवरचे म्हातारे. सगळ्यांना एकच काठ. जणू एकाच ताग्यातून कुणी अख्खं गाव कापलंय. आयुष्यभर मी रंग दिला तो दोन हात कापडाला, चार हात कापडाला. गावाला कधी दिला नव्हता.

वाळत घालायचं मैदान उघडून दिलं. दोऱ्यांवर चादरी टाकून आडोसे केले. कौतुक करू नकोस, काम नाही तोवर मैदान मोकळंच असतं.

त्यात तुमच्या गल्लीतली परटीण निघाली. मला ओळखत नव्हती. पहिलं वाक्य काय बोलावं तिने? ना पाणी मागितलं, ना भाकरी.

"बाई, हा रंग कशाने निघेल? घासून घासून हात सोलले."

"निघणार नाही. तुरटी आहे त्यात."

"कुणाचा मेल्याचा आहे?"

"माझा."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही ताई?"

"कुणाची ताई?"

"अहो, घाटावर ती बोंबलत होती ना! आम्ही सगळ्या धुणं घेऊन बसलेलो. पाणी दोन दिवस आटलेलंच. आणि वळणावरून ते आलं. लाल! नुसतं गुलाबी नाही हो, लालभडक, फेसासकट. गाढवाने तोंड लावलं नाही. आमच्या हातातली धुणी गळाली. कुणीतरी म्हणालं, वर कत्तल झाली. आणि तुमची बहीण पाण्यात उतरली, ओंजळ भरली, वास घेतला, जिभेला लावलं..."

"जिभेला?"

"हो ना! आम्हाला वाटलं वेड लागलं. मग ओरडली, हे रक्त नाही, तांबडा आहे, माझ्या ताईचा तांबडा! पळा!"

परटीण म्हणते, तिने तुला विचारलं, रंगच आहे तर पळायचं कशाला? तू म्हणालीस, "ताई तांबडा फेकत नाही. ताईने तांबडा फेकला म्हणजे जग संपलं."

पण ते तिलाच ऐकू आलं, शेजारी होती म्हणून. बाकीच्यांनी तुझं सगळं बोलणं कुठे ऐकलं? त्यांनी नुसतं "पळा" ऐकलं.

आणि तुझा तो पिपाणीवाला. परटीण म्हणाली, तो पाण्याच्या टाकीवर चढला आणि वाजवत सुटला. तेही बँडचा पांढरा कोट घालून, पितळी बटणं लावून. मी म्हटलं, जग संपत असताना कोट कशाला? ती म्हणाली, "आम्हीही तेच म्हटलं. तर म्हणाला, साध्या सदऱ्यात वाजवलं की लोक सराव समजतात, दार उघडत नाहीत."

हसू आलं मला.

तू खाली उभी राहून उतर उतर ओरडत होतीस, आणि तो वरून म्हणायचा, खालच्या गल्लीतली दारं अजून उघडलेली नाहीत. परटीणबाई पुढे गेली. तिला पुढचं माहीत नाही. टेकडीवर तिने तुला पाहिलं नाही. पण टेकडीवर कोण कुणाला पाहतंय, असंही म्हणाली.

मी फाटकाशीच बसतेय. येणाऱ्याच्या तोंडाकडे बघण्याआधी पायांकडे बघते. सगळे तांबडे. तुझे अजून आलेले नाहीत.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

धाकटे,

मदतीच्या ट्रकवरची नर्सबाई दोन्ही बाजूंना जाते. दोन्ही बाजूचे तिला शिव्या घालतात, म्हणजे ती सरळ असावी. तिच्या पिशवीत उशीखालचं पत्र आणि हे, दोन्ही देतेय. तिची पिशवी कुणी उघडत नाही, आत रक्ताच्या पट्ट्या असतात. म्हणून आता खरं लिहिते.

जाळ्यांवाला साहेब पोतं घेऊन आला होता. आपल्या कारखान्यात, नदी तांबडी झाली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी. तरुण आहे, नीट बोलतो, बूट दाराबाहेर काढतो. पोतं उघडलं, आत माती. म्हणाला, "आजी, जाळ्या या रंगाच्या करून द्या. तंतोतंत."

मी मूठभर घेतली. ओली केली, तळहातावर पसरली. आमच्या काठची माती पांढुरकी, तुला आठवते, बाबा म्हणायचे राखेसारखी. ही पिवळी, आत तांबूस. ही तुमच्या काठची. तुझ्या अंगणातली असेल, मला काय माहीत, मी तुझं अंगण कधी पाहिलं नाही. पण लहानपणी आपण पलीकडे चिंचा पाडायला जायचो आणि परत आलो की आई आपल्या पायांवरून ओळखायची. तीच माती.

आमच्या काठावर लपायचं असतं तर आमची माती आणली असती. तेवढं कळायला शाळा लागत नाही.

नमुना रंगवला. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको, पण सांगते, कारण त्यावरच सगळं आहे. गिऱ्हाइकाने ओलं कापड उन्हात बघून "हो" म्हटल्याशिवाय आपण वाळत घालत नाही. वाळल्यावर कुणी म्हणू नये की हा मी सांगितलेला नव्हे. तर मी ओली जाळी काठीवर धरली आणि त्याची माती तिच्यामागे जमिनीवर ओतली. धाकटे, जाळी गेली. दिसेनाच. माझ्याच हातातली जाळी मला दिसेना. मी माझ्या रंगाला कधी भ्यायले नव्हते, तेव्हा भ्यायले.

साहेब उन्हात उभा राहिला. बराच वेळ बघितलं त्याने. मग म्हणाला, "हो."

तो "हो" म्हणाला तेव्हा लढाई तुमच्याकडे आली. रेडिओवर दोन दिवसांनी आली, पण आली ती माझ्या अंगणात, त्याच्या "हो"ने.

टेलिफोन बंद, पुलावर पहारा. मग तो म्हणाला हौद रिकामा करा. लहान हौदांत करता आलं असतं काम, दोन दिवस जास्त लागले असते. मी म्हटलं, करते रिकामा.

तो हौद बाबांनीही कधी तळापर्यंत काढला नव्हता. जुन्यात नवं घालायचं, मंजिष्ठाची लाल मुळी घालायची, गाळ तसाच ठेवायचा, रंग मुरत जायचा. आजोबांच्या हातचा थेंब त्यात असेल. आपल्या दोघींना बाबांनी त्याच्या कडेवर हात ठेवून सांगितलं होतं, घर विका, पण हा फेकू नका. म्हणून मला माहीत होतं, नदीला जरासा तांबडा दिसला की बाकी कुणाला कळो न कळो, तुला कळेल.

जरासा. मी जरासाच धरला होता. नदी नेहमीची असती तर तुमच्या घाटापर्यंत जाताजाता गुलाबी छटा उरली असती, एखाद्या बाईने म्हटलं असतं आज पाणी गढूळ आहे. पण लष्कराने वरच्या धरणाचे दरवाजे बंद केले होते, रणगाडे उतरता यावेत म्हणून. नदीचा ओहोळ झालेला. आणि मी बघितलं नाही. धंद्यातला पहिला धडा, पाणी किती ते बघ आणि मग रंग घाल. पोराला शिकवतो आपण ते. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी पाणी न बघता हौद ओतला, कारण मी तुझ्याकडे बघत होते.

एका बहिणीला चिठ्ठी पाठवायला गेले आणि गावाला गेली.

बरोबर मापाने ओतला असता तर तू एकटी निघाली असतीस. फार तर शेजारीण ऐकती. सोमवारी सकाळी तोफा सुटल्या तेव्हा बाकी सगळे झोपेत असते. हे मी रात्रंदिवस उलटसुलट करून बघते. मैदानात पोरं पळतात, दोऱ्यांखालून वाकून, आणि मी मोजत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक माझ्या मैदानात लंगडी खेळतेय.

देव आहे का नाही मला माहीत नाही. असेल तर त्याचा हिशोब माझ्यासारखाच कच्चा आहे.

जिवंत असशील तर ये. झालं, लिहिलं.

ताई


२३ मार्च, रविवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. नर्सबाई म्हणते अजून सापडली नाहीस, म्हणजे गेलेल्यांतही सापडली नाहीस. हे ती चांगली बातमी म्हणून सांगते. मी तशीच घेते.

चार दिवसांचं काम अजून चालू आहे. आता रेडिओवाला म्हणतो, तो रस्ता पुढे आणखी एका देशात जातो. ढवळ्या म्हणाला, "ताई, रस्ता समुद्रापर्यंत गेला तर हे समुद्रावरही जाळ्या टाकतील." त्याचा मुलगा तिकडेच गेलाय, आपल्या रंगाच्या जाळीखाली. पण ते तो बोलत नाही. वल्हं मारतो, देवाची नावं घेतो, आता त्यात एक नाव मुलाचं असतं.

मंगळवारी तोफगोळा इकडे पडला. पलीकडच्यांनाही तोफा आहेत, हे आपल्याकडे कुणाच्या लक्षातच नव्हतं जणू. आमच्या काठावर लपायला जाळ्या पिवळ्या मातीच्या, आणि जमीन पांढरी. साहेबांच्या तोफा पुढे जायच्या होत्या, गेल्या नाहीत, इथेच अडकल्या, आणि पांढऱ्या जमिनीवर पिवळ्या जाळ्या लांबूनही दिसतात. रंग तंतोतंत होता, जागा चुकली. जुन्या रंगाच्या खोलीचं छप्पर गेलं. माणूस गेलं नाही. तुमची आणि आमची सगळी एकाच खड्ड्यात पडून होती, वर मी, कारण मला वाकता येत नाही.

आधी आमच्या गावाने तुमच्यांना तोंड वाकडं केलं होतं. पाव विकणारा म्हणाला, ही शत्रूची माणसं. परटीण त्याला म्हणाली, "शत्रू असते तर तुझा हा दगडासारखा पाव पैसे देऊन खाल्ला असता का?" गोळा पडल्यावर तोच त्यांच्याबरोबर छपराचे वासे उचलत होता. शत्रू कोण, हे ठरवायला पुढे कुणाला सवड झाली नाही.

साहेब आला होता. बूट काढायला विसरला.

"आजी, हौद नदीत कुणाच्या सांगण्यावरून सोडला?"

"तुमच्या."

"मी रिकामा करा म्हणालो. नदीत सोडा म्हणालो नव्हतो."

"मग कुठे सोडू? तुमच्या टोपीत?"

हसला नाही. बसला. हौदाच्या कडेवर बसला, जिथे आपल्याला बसू द्यायचे नाहीत बाबा. दाढी वाढलेली. म्हणाला, "वरून विचारतायत. गाव रिकामं कसं सापडलं?"

मी वल्ह्यावरचा रंग पुसत राहिले.

मग तोच बोलायला लागला, माझ्याशी नव्हे, हौदाशी. "आम्ही शिरलो तेव्हा ताटं वाढलेली होती. वरण सुकलेलं. एका घरात शिवणयंत्राच्या सुईखाली बाही तशीच. कुत्रंसुद्धा नव्हतं. जी घरं उभी राहिली होती त्यांच्यातली घड्याळं चालू होती, आजी. एवढं मोठं गाव आणि नुसती घड्याळं. माझे जवान कुजबुजत बोलायला लागले, देवळात बोलतात तसे. त्या गावात माणसं असती तर..." आणि थांबला. हात बघितले स्वतःचे.

थोड्या वेळाने उठला. "मी लिहितो, हौद धुताना सांडला."

मी तोंड उघडलं. सांडला? माझ्या हातून? पण मिटलं. तुझ्या ताईने बोलायला उघडलेलं तोंड न बोलता मिटलं, हे ढवळ्याने पाहिलं, तो साक्षीला आहे.

अजून एक. तू इथे असतीस तर तुला दाखवलं असतं. गुरुवारी सकाळी परटीण आणि तुमच्या दहा-बारा बायका नदीवर गेल्या, हंडे घेऊन. मला वाटलं पाणी आणायला. परत आल्या तर हंड्यांत तांबडा चिखल. डबक्यांच्या तळाशी बसलेला आपला गाळ, ओंजळीओंजळीने भरलेला. हौदाकडे गेल्या, ओतला. मला न विचारता.

मी म्हटलं, "हे काय?"

परटीण म्हणाली, "तुमचा आहे तो. आमच्या पायाला जेवढा लागला तेवढा आम्ही ठेवला. बाकीचा परत."

धाकटे, मला रडता येत नाही हे तू सगळ्या जगाला सांगत फिरायचीस. बरोबर सांगायचीस. मी कारखान्याच्या मागे जाऊन एक जुनी बादली लाथेने उडवली आणि परत आले.

ताई


६ एप्रिल, रविवार

धाकटे,

नर्सबाईने पुडकं दिलं. कागदात गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही. मी तिला ओरडले, चिठ्ठी कुठाय? ती म्हणाली, चिठ्ठी नाही दिली.

तू टेकडीपलीकडच्या शाळेत आहेस. हात गळ्यात बांधलाय, बरा होईल. माझी पत्रं वाचलीस. तीन तिने दिलेली, आणि पहिलं उघडंसुद्धा पोहोचलं म्हणे, लष्कराचा शिक्का होऊन. सगळी एकापाठोपाठ वाचलीस, पुन्हा वाचलीस. मग बोचक्यातून हे काढलंस आणि सांगितलंस, "ताईला म्हणावं, हा रंगवून दे. मातीचा सोडून कुठलाही."

पुडकं सोडलं. पांढरा कोट. पितळी बटणं. एक खांदा नाही.

नर्सबाईला विचारलं, वाजवणारा? ती म्हणाली, टाकी त्या पहिल्या सोमवारी सकाळी, तोफा सुटल्या तेव्हा, त्याच्यासकट पडली. खालच्या गल्लीत एक आंधळा म्हातारा राहिला होता, त्याचं दार उघडेपर्यंत हा रात्रभर वाजवत होता. म्हातारा वाचला. तू टाकीच्या पायथ्याशी होतीस, म्हणून हात.

खालच्या गल्लीतलं शेवटचं दार.

फुंकून कुणाचं पोट भरतं, असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले होते, आणि त्यावरून तू गेलीस. पोटाचं जाऊ दे. फुंकून माणूस एक अख्खं गाव डोंगरावर चढवतो, हे मला कुठे माहीत होतं? मी तीन पिढ्यांचा तांबडा ओतला तेव्हा कुठे निम्मं काम झालं, उरलेलं त्याने नुसत्या श्वासाने केलं. मी कोट मांडीवर घेऊन बसले. ढवळ्या येऊन उभा राहिला, टोपी काढली, एवढंच म्हणाला, "जावईबापूंचा?" मी म्हटलं, हो. ते नातं या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

आता ऐक. कामाचं.

मातीचा सोडून म्हणालीस. तांबडा देतेय. त्या कोटाला दुसरा रंग शोभणार नाही. परटिणीने आणलेल्या गाळावर हौद पुन्हा लावला, मंजिष्ठ घातली, मुरायला पुरता वेळ नव्हता पण घेतला तेवढा घेतला. फाटक्या खांद्याच्या जागी तुकडा लावला, परटिणीने टाका घातला, तिचा टाका बारीक आहे. काल बुडवला. आज सकाळी काढला, काठीवर धरला, उन्हात बघितला.

बाबांचा तांबडा नाही हा. तुला खोटं सांगत नाही. गाळ पुन्हा पुन्हा गाळला, कापडातून, वाळूतून, तरी आत थोडी पिवळी झाक राहते. तुमच्या काठची माती ती, गाळात मिसळून आली, आता निघत नाही. रंगात माती आहे, पण मातीचा रंग नाही. मला तर असा तांबडा आजवर दिसला नव्हता. सकाळच्या उन्हात तो आतून पेटल्यासारखा होतो. मैदानातली पोरं खेळ सोडून बघत उभी राहिली, आणि पोरं कधी कोटाकडे बघतात का?

पण मला आवडून काय उपयोग? गिऱ्हाईक तू. "मातीचा सोडून" तू म्हणालीस. एवढी झाक चालते का नाही, ते तू सांगायचं. पत्रात सांगून चालणार नाही, नर्सबाईच्या तोंडून सांगून चालणार नाही. ओला कोट उन्हात बघून स्वतः "हो" म्हणायचं, नाहीतर "नाही" म्हणायचं. माझ्या देशाच्या तोफा होत्या, मला माहीत आहे. यायचं नसेल तर ते बरोबरच आहे तुझं, मी भांडणार नाही. पण रीत म्हणजे रीत. बाबांनी साहेबलोकांसाठी मोडली नाही, मी तुझ्यासाठी मोडणार नाही.

ट्रक मंगळवारी परत येतो. पुढची जागा रिकामी असते, मी विचारलंय.

कोट काठीवर सावलीत ठेवलाय. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणार, वाळू देणार नाही. ढवळ्या म्हणतो, बुरशी धरेल. धरू दे म्हटलं, पुन्हा धुऊ, पुन्हा बुडवू.

अजून ओला आहे, धाकटे.

ताई